तेरा इंची गाडी, पंधरा इंची ॲलॉय: १९५/५० आर १५ टायरचा अकरा महिन्यांचा अनुभव

गाडी १९९८ची छोटी हॅचबॅक. कारखान्यातून निघाली तेव्हा तिला १३ इंची लोखंडी रिम आणि १७५/७० आर १३ टायर होते. माझ्याकडे आली ती आधीच्या मालकाने हौसेने बसवलेल्या १५ इंची ॲलॉयसकट (हलक्या मिश्रधातूच्या रिम), आणि त्यावर १९५/५५ आर १५. दिसायला झकास. पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून खर्र, आणि मागे दोघं बसलेले असताना खड्डा आला की मागून खर्र. वर्षभर ते ऐकत राहिलो. जुनी गाडी आहे, कुठून ना कुठून आवाज येणारच, अशी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

टायर बदलायची वेळ आली ती वयामुळे. नक्षी बरी होती, पण बाजूला बारीक चिरा पडल्या होत्या आणि डॉट कोडचे (टायरच्या बाजूवर कोरलेल्या उत्पादनाच्या कोडचे) शेवटचे चार आकडे होते ०८११, म्हणजे २०११च्या आठव्या आठवड्यातला माल. टायरवाल्याने वाकून जुन्या टायरवरचं माप वाचलं आणि म्हणाला, "हेच देतो." मीही हो म्हणणार होतो. तेवढ्यात दाराच्या चौकटीवरचा अर्धा फिकटलेला स्टिकर दिसला: १७५/७० आर १३. म्हणजे आम्ही दोघं ज्याला गाडीचं माप समजत होतो, ते कुणीतरी अंदाजाने घातलेलं होतं. टायर न घेता घरी आलो आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

हिशोब सोपा आहे. १७५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे त्या रुंदीच्या ७० टक्के बाजूची उंची, आणि १३ ही रिम इंचात. १७५चे ७० टक्के १२२.५, वर-खाली मिळून २४५. त्यात १३ इंच, म्हणजे ३३०.२ मिळवले की पूर्ण चाकाचा व्यास ५७५.२ मिमी. हा आकडा गाडीचा. गिअर, स्पीडोमीटर, मडगार्डमधली जागा, सगळं याच्याभोवती आखलेलं. आता अंगावर असलेला १९५/५५ आर १५ घ्या: १०७.२५ गुणिले दोन, अधिक ३८१, बरोबर ५९५.५. तब्बल २० मिमी मोठा, साडेतीन टक्के. टायर घासत होता यात नवल नव्हतं, वर्षभर मला ते कळलं नाही याचं नवल होतं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच उलगडली. महामार्गावर काटा १००वर असला तरी लोक मला सहज मागे टाकत नसत, आणि मोबाइलवरचा जीपीएस वेग काट्याच्या जवळपास जुळायचा. मला वाटायचं माझा काटा किती अचूक! खरं तर बहुतेक गाड्यांचा काटा मुद्दाम थोडा जास्त दाखवतो. माझ्या मोठ्या टायरांनी तो जास्तपणा खाऊन टाकला होता. किलोमीटरही तेवढेच कमी पडत होते, त्यामुळे मायलेज काढताना मी आपला उगाच इंजिनवर नाराज.

पर्याय तीन निघाले. १९५/४५ आर १५चा व्यास ५५६.५, म्हणजे सव्वातीन टक्के लहान. दिसतो भारी, पण त्याचा भार निर्देशांक बहुधा ७८ असतो, म्हणजे एका टायरला ४२५ किलो. मूळ टायरवर ८२ होता, ४७५ किलो. चार टायरमागे २०० किलोची कपात करून वर दणके खायचे, हे काही पटलं नाही. त्यामुळे तो बाद. १८५/५५ आर १५चा व्यास ५८४.५, दीड टक्क्याने जास्त, चालला असता. पण माझी रिम ६.५ इंच रुंद, आणि या टायरसाठी ती रुंदीची वरची मर्यादा. टायर ताणून बसतो, रिमची कड उघडी पडते, फुटपाथला लागली की थेट ॲलॉयवर ओरखडा. राहिला १९५/५० आर १५: व्यास ५७६. मूळपेक्षा जेमतेम पाऊण मिलिमीटर जास्त. भार निर्देशांक ८२, रिमही मधोमध बसते. हाच घेतला, ८२व्ही (व्ही ही टायरच्या कमाल वेगाची खूण). ब्रँडचं नाव देत नाही, कारण हा अनुभव मापाचा आहे.

टायरचं माप सुटलं, पण रिमचं भूत शिल्लक होतं. रिमच्या मागे कोरलेलं असतं: ६.५जे, ईटी ३८. मूळ रिम होती ५जे, ईटी ४५. जेच्या आधीचा आकडा म्हणजे रिमची इंचातली रुंदी. ईटी म्हणजे ऑफसेट, रिमची मधली रेषा हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) टेकणाऱ्या भागापासून किती आत आहे ते. रुंदीच्या निम्म्यातून ऑफसेट वजा केला की बाहेरची कड मिळते, मिळवला की आतली. माझ्या रिमची बाहेरची कड मूळपेक्षा २६ मिमी बाहेर, आतली १२ मिमी आत. टायरचा फुगवटा धरला तर फरक थोडा कमी भरतो, पण एवढ्यावरूनच कळलं की मागचा त्रास मडगार्डच्या कडेला होणार आणि पुढचा आतल्या बाजूला.

नवे टायर बसल्यावर पुढचा आवाज पूर्ण बंद. पूर्ण वळवलेल्या चाकात आणि आतल्या प्लॅस्टिकमध्ये करंगळी जाईल एवढी जागा राहिली. मागे मात्र डाव्या बाजूला अजून खर्र, तेही फक्त चारजण बसले की. हे शोधायला मी खडू वापरला. टायरच्या खांद्यावर खडूने जाड पट्टा ओढला, चौघांना बसवून खड्ड्यांच्या रस्त्यावर एक चक्कर मारली आणि उतरून बघितलं. पट्टा सगळीकडे शाबूत, फक्त एका ठिकाणी अंगठ्याएवढी रेघ पुसलेली. समोर मडगार्डच्या कडेला प्लॅस्टिक धरून ठेवणारा एक स्क्रू, डोकं चार मिलिमीटर बाहेर, आणि घासून नाण्यासारखं चमकणारं. मडगार्डची कड गरम करून आत वळवायला निघालो होतो, आणि दोषी एक स्क्रू! तो काढून चपटा रिव्हेट मारला. त्यानंतर आजपर्यंत आवाज नाही.

तिसऱ्या आठवड्यात ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागलं. दोनदा बॅलन्सिंग केलं, फरक शून्य. कारण वेगळंच होतं. माझ्या हबचा व्यास ५४.१ मिमी आणि ॲलॉयचं मधलं भोक ६७.१. मधली पोकळी भरणारी रिंग असावी लागते, ती दोन चाकांना नव्हतीच. त्यामुळे चाक हबवर नाही, नुसत्या नटांवर तोललेलं होतं आणि नट आवळताना केसभर एका बाजूला सरकत होतं. चारही चाकांना रिंगा घातल्या, गाडी जॅकवर असतानाच नट तिरक्या क्रमाने आवळले, आणि थरथर गेली. बॅलन्सिंगवाल्याने रिंगेचा विषय एकदाही काढला नाही, याचा राग अजून आहे.

आता रोजचा अनुभव. वळणावर गाडी आधीपेक्षा सरळ बोलते, यात शंका नाही. पण बाजूची उंची १२२.५वरून ९७.५ झाली आहे आणि ते २५ मिमी रबर कुठे गेलं हे कंबरेला कळतं. बारीक खडी, रस्त्याचे जोड, सगळं आत ऐकू येतं. पाचव्या महिन्यात रात्री एक खड्डा चुकला नाही. पुढच्या उजव्या रिमची आतली कड वाकली, टायर वाचला. चार दिवसांनी हवा ३२वरून २४ पीएसआयवर आली तेव्हा कळलं. रिम सरळ करून घेतली, अजून धरून आहे.

पॉवर स्टिअरिंग नाही. पार्किंग करताना खांदे भरून येतात. रुंदी तर आहेच, शिवाय चाक बाहेर सरकल्यामुळे स्टिअरिंगला जास्त ताकद लागते, आणि रस्त्यावर चाकोऱ्या असतील तर गाडी त्यांच्यामागे ओढली जाते. ज्यांची जुनी गाडी अशीच बिनपॉवरची आहे त्यांनी कमी ऑफसेटची रुंद रिम घेण्याआधी कुणाची तरी तशी गाडी चालवून बघावी. मला रिम आयत्या मिळाल्या. नव्याने घेतल्या असत्या तर १४ इंची घेऊन १८५/६० घातले असते: व्यास ५७७.६, आणि बाजूची उंची १११. खरं सांगायचं तर या गाडीला तेच शोभलं असतं.

मायलेज? हिशोब बरोबर व्हायला लागला, म्हणून ते वाढल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात किती फरक पडला, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

१४,००० किलोमीटरनंतर झीज मोजली. नवा असताना खाच ८ मिमी होती, आता पुढे ६.१, मागे ६.८. सुरुवातीला पुढचे आतल्या कडेला जास्त झिजत होते. व्हील अलाइनमेंट केल्यावर ते थांबलं. हवेसाठीही खडूच: टायरवर आडवी रेघ मारायची, सपाट रस्त्यावर शंभरेक मीटर जायचं. मधलाच खडू उडाला तर हवा जास्त, कडांचा उडाला तर कमी. माझ्या गाडीला ३१ बरोबर बसतं.

स्टेपनी अजून मूळ १३ इंचीच आहे, लोखंडी. आधीच्या टायरांसोबत ती लावली असती तर पुढच्या दोन चाकांत २० मिमीचा फरक पडून डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) सतत फिरत राहिलं असतं. आता व्यास जुळतो, त्यामुळे ती चिंता नाही. फक्त नट वेगळे. ॲलॉयचे नट लोखंडी रिमच्या बैठकीत नीट बसतीलच असं नाही, म्हणून जुने चार नट एका कापडी पिशवीत बांधून स्टेपनीच्या मधल्या भोकात ठेवले आहेत. नवव्या महिन्यात पंक्चर झालं तेव्हा भर पावसात ती पिशवी सापडली. चारपैकी एका नटाला गंज चढला होता, तरी बसला.