सिनेमा निवडायला लेटरबॉक्स्ड, फेसबुक ग्रुप की घरचा व्हॉट्सॲप?

सिनेमा सुचवणाऱ्याला आधी काय काय आवडलंय हे माहीत असेल, तरच त्याच्या सल्ल्याला अर्थ. या कसोटीवर लेटरबॉक्स्ड सगळ्यांच्या पुढे आहे. २०११ साली न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये सुरू झालेलं हे नेटवर्क म्हणजे मुळात बघितलेल्या सिनेमांची डायरी. तारीख टाका, अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे द्या, वाटलं तर दोन ओळी खरडा. प्रोफाइलवर चार आवडते सिनेमे लावायची सोय आहे आणि माणूस ओळखायला ते चार बऱ्याचदा पुरतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांनी किती तारे दिलेत, ते सिनेमाच्या पानावर वेगळं दिसतं. जगाच्या सरासरीआधी मी तेच बघतो. हे सगळं फुकट खात्यात मिळतं, पैसे भरायची घाई नको.

खोट अशी की बहुतेक लिखाण इंग्रजीत, आणि लाइकसाठी एका ओळीचा विनोद मारून मोकळे होणारे पुष्कळ. त्यावरून सिनेमा बघावा की नाही, कप्पाळ कळणार! शिवाय बऱ्याच मराठी सिनेमांना तिथे मतंच इतकी कमी की सरासरीवर विसंबण्यात अर्थ नाही.

मराठीसाठी फेसबुकचे ग्रुप बरे. ‘आईबाबांबरोबर बघता येईल असा मराठी सिनेमा सुचवा’ एवढं टाकलं की कमेंटची रांग लागते. कुणी नुसतंच नाव लिहितं, कुणी ‘मस्त आहे, नक्की बघा’, कुणी ‘कुठे बघायला मिळेल?’, आणि एखादा महाभाग टेलिग्रामवरची चोरीची लिंक चिकटवतो. माणूस अनोळखी, त्यामुळे त्याच्या ‘नक्की बघा’चं वजन किती ते कळत नाही. रिलीजच्या दिवशी एकाच छापाची कौतुकं दिसू लागली तर सावध. पण मराठी सिनेमाचे शो दुसऱ्या आठवड्यात टिकतील याचा भरवसा नसतो. शुक्रवारी बघून आलेल्याचं मत शनिवारी सकाळी हवं असतं, आणि ते मिळण्याची शक्यता इथेच जास्त. विचारताना मात्र आधी काय आवडलं, काय नको आणि घरात कुठलं ओटीटी आहे, तेही लिहा.

व्हॉट्सॲपवर माणसं पुरती ओळखीची. मावशीला रक्तपात चालत नाही, मेव्हण्याला जे आवडतं ते आपल्याला हमखास आवडत नाही. मग त्याची शिफारस उलटी वाचायची, तीही उपयोगाचीच. पंचाईत नंतर शोधताना होते. मार्चमध्ये सुचवलेलं नाव ऑगस्टमध्ये ‘सुप्रभात’च्या ढिगाऱ्याखाली गेलेलं असतं. तेव्हा दिसल्या दिसल्या टिपून ठेवा.

इन्स्टाग्रामच्या रील्समधून नावं कळतात, कधीकधी शेवटही. सिनेमांची माहिती आणि रेटिंग देणाऱ्या आयएमडीबीने चर्चामंच २०१७ मध्येच बंद केले. आता तिथे रेटिंगपेक्षा ते किती मतांवर उभं आहे हे आधी बघायचं.

महिन्याला एखादा सिनेमा बघणाऱ्याने लेटरबॉक्स्डच्या फंदात पडू नये, घरचा ग्रुप आणि फेसबुक भरपूर झालं. आठवड्याला दोन-तीन होत असतील तर खातं काढाच. आवडलेले पंचवीसेक सिनेमे नोंदवा आणि त्यातल्या फारशा गाजलेल्या नसलेल्यांना भरभरून तारे देणारी माणसं शोधून फॉलो करा. एखादा मराठी सिनेमा तिथे नसलाच तर टीएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या साइटवर आपणच त्याची नोंद करायची, लेटरबॉक्स्ड सिनेमांची माहिती तिथूनच घेतं.