खांद्याची कफ फाटलीय: फिजिओ की ऑपरेशन?

आईला माळ्यावरचा डबा काढताना खांद्यात कळ आली, मग रात्री त्या कुशीवर झोपता येईना, वेणी घालायला हात मागे जाईना. एमआरआयमध्ये निघालं रोटेटर कफला अर्धवट टिअर, म्हणजे खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे जे 4 स्नायू असतात त्यातल्या सुप्रास्पिनेटसची शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) थोडी फाटलेली. (सगळे म्हणत होते फ्रोजन शोल्डर! पण त्यात दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नाही, हिचा जात होता.)

फिजिओत कापाकापी नाही, पण रोज रबर बँड ओढायचा कंटाळा येतो आणि फरक कळायला 6 ते 12 आठवडे जातात. फाटलेलं शिवलं जात नाहीच, आजूबाजूचे स्नायू दमदार होऊन काम सांभाळून घेतात, आणि वय झालेल्या बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं.

ऑपरेशन दुर्बिणीतून होतं, शीर हाडाला अँकरने (हाडात रुतवलेल्या छोट्या खिळ्याने) परत बसवतात. पण नंतर 4-6 आठवडे हात झोळीत, वर फिजिओ चुकत नाहीच, पूर्ण ताकद यायला 6 महिने तरी धरा. तरण्या माणसाची बाईकवरून पडून शीर पूर्ण तुटली असेल तर मात्र थांबू नये, स्नायू आखडत जातो, त्यात चरबी भरते आणि मग शिवलेलं टिकत नाही.

आम्ही आधी फिजिओच घेतली, तिसऱ्या महिन्यात वेणी जमली. डबा मात्र आता खालच्या फळीवर.