इंदूरची कचरागाडी: ओल्याला पूर्ण गुण, सुक्याला निम्मे

रामबाग असो की लोकमान्य नगर, सकाळी गाडीचं गाणं वाजलं की डबे दाराशी येतात. २०१७ पासून देशाच्या स्वच्छतेच्या यादीत इंदूर वर आहे, आणि सेवा खरोखर चोख आहे. शाबासकी मात्र भलत्यालाच मिळते.

आधी ओला कचरा. तो ट्रान्स्फर स्टेशनवर छोट्या गाड्यांतून मोठ्या गाड्यांत भरला जातो आणि शहराच्या कडेला देवगुराडियाला जातो. तिथल्या, २०२२ मध्ये सुरू झालेल्या बायो-सीएनजी प्रकल्पाची सुरुवातीची क्षमता रोज ५५० टन. कचरा दळून त्याचा रबडीसारखा लगदा करतात, हवाबंद टाक्यांत जिवाणू तो कुजवतात, वायूतला कार्बन डायऑक्साइड काढला की मिथेन उरतो आणि त्यावर बस धावते. हाच कचरा उघड्या ढिगात कुजला तर मिथेन हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. उरलेल्या चोथ्याचं खत होतं. जमिनीचं सत्त्व शहरात येतं, परत जात नाही, हे मार्क्सने १८६७ मध्येच दाखवलं होतं. निदान इथे त्यातलं थोडं परतीच्या वाटेला लागतं.

बिघडतं ते पिशवीमुळे. सालं पिशवीसकट टाकली की प्लास्टिक दळणाऱ्या पात्यांना गुंडाळतं. अंगण झाडलेली माती टाकीच्या तळाशी बसून जागा खाते. करवंटी आणि आंब्याची कोय लवकर कुजत नाही. पिशवीऐवजी डब्यात वर्तमानपत्राचा कागद घाला, पुरे. पॅड-डायपर कागदात गुंडाळून वेगळे. फुटकी काच जाड कागदात बांधा आणि गाडीवाल्या दादांना सांगून द्या, कारण पुढची निवड हातानेच होते.

खरं यंत्र हे हातच. पहिली निवड स्वयंपाकघरात, बहुधा घरातल्या बाईची, फुकट. मग गाडीवरचा माणूस, मग सरकत्या पट्ट्यापाशी सुका कचरा निवडणाऱ्या बायका. वायू विकला जातो, खत विकलं जातं, प्रदूषण टाळल्याबद्दल मिळणारी कार्बन क्रेडिटसुद्धा विकली गेली. हे सगळं ज्या निवडण्यावर उभं आहे, त्याचा भाव कुणी काढत नाही.

सुक्याचे गुण कापले ते शेवेच्या पाकिटामुळे. आतून चकचकीत दिसतो तो प्लास्टिकवर चढवलेला अॅल्युमिनियमचा पातळ थर. थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण. २०१६ च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनी जबाबदारी उत्पादकावर टाकली खरी, पण कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घेऊनही ती पार पाडता येते. पाकीट आहे तसंच राहतं. नफा कंपनीचा, निस्तरणं नगर निगमचं. यात गाडीचा काय दोष? पण गुण सेवेला द्यायचे म्हटल्यावर हे शेपूट सोडता येत नाही.

शेव सुटी घ्यायची तर स्टीलचा डबा न्या. आधी रिकामा डबा काट्यावर ठेवून शून्य करायला सांगा, नाहीतर डब्याचे पैसे शेवेच्या भावाने जातात.