एकच शिसं, पण साचे दोन: .४४ रिव्हॉल्व्हर आणि .४५ ठासणीची रायफल, आठ महिन्यांनंतर

जोडी अशी: रेमिंग्टन १८५८ या ठासणीच्याच रिव्हॉल्व्हरची .४४ प्रतिकृती आणि .४५ ची केंटकी घाटाची टोपीवाली (म्हणजे स्फोटक टोपीने दारू पेटवणारी) रायफल. वापर अमेरिकेतल्या रेंजवर. (भारतात ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.) आकडे जवळजवळ सारखे दिसतात म्हणून एकच गोळी दोन्हीकडे चालेल या हिशेबाने जोडी घेणार असाल, तर तो हिशेब चुकीचा आहे.

रिव्हॉल्व्हरला गोळी चक्रातल्या खान्यापेक्षा (दारू-गोळी भरायच्या भोकापेक्षा) मोठी लागते, .४५१ किंवा .४५४ इंचाची. नळीखालच्या दट्ट्याने दाबताना खान्याच्या तोंडाशी शिशाची पातळ कडी सोलून निघते. अख्खी कडी निघाली, की गोळी गच्च बसली. रायफलीचं उलटं आहे. नळी .४५०, गोळी .४४०, आणि मधली फट .०१५ जाडीची तेलकट चिंधी भरून काढते. आट्यांत, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांत, चिंधी रुतते, शिसं नाही.

अदलाबदल केली तर? .४४० ची गोळी रिव्हॉल्व्हरच्या खान्यात सैल पडते. एक बार उडाला की धक्क्याने शेजारच्या गोळ्या पुढे सरकतात आणि चक्र अडतं. त्याहून वाईट म्हणजे ठिणगी फटीतून आत शिरते आणि शेजारचा खानाही उडतो. .४५४ ची गोळी रायफलीत हातोडीने ठोकूनच जाईल आणि बहुधा अर्ध्यात अडकेल. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी ठेवून बार काढला, तर नळी फुगते किंवा फुटते. म्हणून गोळी ठासायच्या गजावर खूण हवीच: रिकाम्या नळीची एक, भरलेल्या नळीची दुसरी.

शिसं मात्र एकाच कढईतलं चालतं. शुद्ध शिशाच्या एका किलोत, घट सोडून, .४५४ च्या साधारण ११० आणि .४४० च्या १२० गोळ्या होतात. चाकांच्या वजनांचं भंगार शिसं अँटिमनीमुळे कडक असतं. ते रिव्हॉल्व्हरला देऊ नका. कडी नीट सुटत नाही आणि दट्ट्याच्या दांड्यावर ताण येतो. रायफलीत चिंधीमुळे ते खपून जातं. ओतल्याबरोबर डबे वेगळे करा. नुसत्या नजरेने .४४० आणि .४५४ ओळखता येत नाहीत.

दारूही एकच पुरते: थ्री-एफ, म्हणजे बारीक दाण्याची काळी दारू. रिव्हॉल्व्हरला २५ ते ३० ग्रेन (दारू मोजायचं माप), या रायफलीला ५० ते ६०. टू-एफसाठी (जाड दाण्याच्या दारूसाठी) दिलेलं माप असेल, तर थ्री-एफ दहा-पंधरा टक्के कमी घ्या. ३० ग्रेनची तोटी असलेल्या दारूच्या बुधलीने दोनदा ओतलं की ६० होतात, हा मोह फार होतो. पण बुधलीतून थेट नळीत कधीच ओतू नका. आत एखादं निखारलेलं कण असलं, तर हातातली अख्खी बुधली उडेल. मापात काढा, मग ओता. आधुनिक काडतुसांतली धूरविरहित दारू दोन्हीत निषिद्ध.

टोप्यांनी सर्वांत जास्त सतावलं. रायफलीच्या निपलवर (टोपी बसते त्या पोकळ खुंटीवर) ११ नंबर नीट बसतो. रिव्हॉल्व्हरवर तोच सैल, तिथे १० नंबर लागतो. सैल टोपी चिमटीत दाबून बसवता येते, पण दुसऱ्या-तिसऱ्या बाराला ती गळते आणि तुकडे घोड्याखाली अडकतात. रिव्हॉल्व्हरचे निपल ११ नंबरचे घेतल्यावर टोप्यांचा डबा एकच झाला. रायफलीचेच निपल तिथे लावायला जाऊ नका, आटे जुळत नाहीत.

वंगणही एकच: मेण आणि बोकडाची चरबी. चिंध्यांनाही तेच, रिव्हॉल्व्हरमध्ये गोळीखाली ठेवायच्या नमद्याच्या चकत्यांनाही तेच. खनिज तेलाने डांबरासारखा थर धरतो.

खरोखर सगळंच सामाईक हवं असेल, तर १८५८ चीच १८ इंची नळीची चक्री कार्बाइन घ्या. गोळी, दारू, टोपी सगळं तेच. फक्त डावा हात चक्राच्या पुढे कधीच नको. चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून आग आणि शिशाच्या कपच्या बाहेर येतात.