मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड घ्यावं की अडापलीन?

आधी आरशात नीट बघा. लाल, दुखरे, पू धरलेले मुरूम जास्त आहेत की कपाळ-नाकावर नुसतेच काळे-पांढरे बारीक दाणे? ट्यूब कोणती घ्यायची ते यावरच ठरतं.

लाल मुरमांना बेंझॉइल पेरॉक्साइड. त्वचेवर ते फुटून ऑक्सिजन सोडतं आणि छिद्रात दडलेले जिवाणू त्यात मरतात. क्लिंडामायसिनसारखं अँटिबायोटिक जेल एकटंच महिनोन्महिने लावलं तर जिवाणू त्याला सरावतात. बेंझॉइल पेरॉक्साइडला सरावत नाहीत. म्हणून डॉक्टर बरेचदा दोन्ही जोडीनं देतात.

बारीक दाण्यांवर मात्र अडापलीन 0.1 टक्का सरस. छिद्र मुळात बुजूच नये, हे त्याचं काम. पण ते सावकाश चालतं. पहिले काही आठवडे मुरूम वाढल्यासारखेही वाटतात, खरा फरक कळायला दोन-तीन महिने जातात. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर ते नकोच. दोन्ही प्रकारचे मुरूम असतील तर दोन्ही औषधं एकत्र असलेलं जेलही मिळतं.

आता बेंझॉइल पेरॉक्साइडच्या टक्क्यांचं. मेडिकलमध्ये 2.5 आणि 5 टक्के दोन्ही दिसतात आणि हात आपोआप मोठ्या आकड्याकडे जातो. तसं करू नका. लाल मुरमांवर 2.5 टक्के जवळपास 10 टक्क्यांइतकंच काम करतं, पण आग आणि सालपटं कमी. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला हे जास्तच लागू, कारण त्वचा चिडली की मागे काळे डाग राहतात आणि ते मुरमांपेक्षा हटवादी असतात. तेही सोसत नसेल तर लावून पाच-दहा मिनिटांनी धुऊन टाका, तरी उपयोग होतो.

बेंझॉइल पेरॉक्साइडचा खरा जाच कपड्यांना. उशीचे अभ्रे, टॉवेल, कुर्त्याची कॉलर, सगळ्यांचे रंग उडतात. पांढरा अभ्रा वापरा. ट्यूब उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका. उष्णतेनं त्यात बेंझिन हे कर्करोगकारक रसायन तयार होऊ शकतं.

अडापलीन कपड्यांना काही करत नाही, पण त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणजे सकाळी सनस्क्रीन आलंच. ज्याच्याकडून तेवढं होणार नाही (कॉलेजची मुलं, तुमच्याबद्दलच म्हणतोय), त्यानं बेंझॉइल पेरॉक्साइडच घ्यावं.

मैत्रिणीनं सुचवलेलं ‘गोरं करणारं’ स्टेरॉइडचं क्रीम मात्र या तुलनेत धरूच नका. आठवडाभर चेहरा तुकतुकीत दिसतो, मग त्यातूनच नवे मुरूम उठतात. आणि खोल, गाठीसारखे मुरूम असतील तर या दोन्ही ट्यूबा बाजूला ठेवून थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा.