सुरीची मूठ: साधं लाकूड, रेझिन पाजलेलं की ओतीव?

मूठ कशाची बसवू, असं विचारायला येणारा माणूस आधी मोबाइल पुढे करतो. फोटोत निळंशार रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं प्लॅस्टिकसारखं द्रव, त्यात अर्धवट बुडालेला लाकडाचा वेडावाकडा तुकडा आणि वर काचेसारखी चकाकी. "काका, अशीच पाहिजे." मी एवढंच विचारतो की सुरी धुणार कोण, आणि धुतल्यावर ती पडून राहणार कुठं? या दोन उत्तरांवर निम्मा निर्णय होतो. उरलेला निम्मा खिशावर.

मी दिवसा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमवर जॉबर, म्हणजे माग नीट चालते ठेवणारा, आहे. संध्याकाळी गच्चीवरच्या पत्र्याखाली मुठी घासत बसतो. पाती स्वतः घडवत नाही. लोहाराकडून ट्रकच्या पाट्याची (स्प्रिंगच्या पट्टीची) करून घेतो, किंवा मूठ तुटलेल्या जुन्या सुऱ्या लोक आणून देतात. त्यामुळे खाली जे आहे ते मुठीपुरतं.

आधी नावांचा घोळ मिटवू. बाजारात 'स्टॅबिलाइझ्ड' आणि 'रेझिन' हे शब्द एकाच अर्थानं फेकले जातात, पण कामं दोन आहेत. स्टॅबिलाइझ्ड म्हणजे लाकडाच्या छिद्राछिद्रांत पातळ रेझिन शिरवून ते आत घट्ट केलेलं. आमच्या भाषेत रेझिन पाजलेलं. ठोकळा बाहेरून लाकूडच दिसतो. ओतीव म्हणजे साच्यात लाकूड ठेवून भोवती जाड रेझिन ओतलेलं. त्यात लाकूड अर्धं, रेझिन अर्धं, आणि दोन्ही डोळ्यांना वेगळी दिसतात. फोटोतल्या मुठी बहुधा दोन्ही केलेल्या असतात: लाकडाला आधी पाजायचं, मग भोवती ओतायचं. हा क्रम उलटा करून चालत नाही. मऊ लाकूड न पाजता ओतलं, तर पॉलिश पेपर मारताना लाकूड लवकर झिजतं आणि रेझिन मागे राहतं. मग बोट फिरवलं की दोघांच्या सांध्यावर पायरी लागते.

साध्या लाकडाबद्दल फार बोलायची गरज नाही, कारण तुमच्या आजीच्या विळीला ते होतंच. बाभळीचा गाभा, शिसव, चांगलं जुनं सागवान, चिंचेचा गाभा. बैलगाडीच्या चाकाला आणि औताला पिढ्यानपिढ्या बाभूळ वापरली गेली, ती सुरीच्या मुठीला कमी पडेल असं कुणी सांगू नये. अडचण सोलापूरच्या हवेची आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर आणि हवा कोरडी ठणठणीत, तेव्हा लाकूड आकसतं. पोलाद काही आकसत नाही, म्हणून पात्याची कड मुठीतून वर आल्यासारखी नखाला लागते. जुलैत तेच लाकूड फुगून परत बरोबरीला येतं. दोन-चार वर्षं हे चाललं की सांध्यात फट पडते, फटीत पाणी जातं आणि आतून गंज. उपाय म्हणजे पुरतं वाळलेलं लाकूड आणि वर्षातून दोनदा तेल. तेल जवसाचं, तेही रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड. घरचं शेंगतेल लावू नका. ते सुकत नाही, नुसतं चिकट होऊन वास मारतं. आणि जवस तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. आपल्या मे महिन्यात तर नकोच. पसरून वाळवा, मग फेका.

सागवानात नैसर्गिक तेल असतं. चिकटवण्याआधी ती बाजू ॲसिटोननं पुसली नाही, तर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून जमणारं आणि चिकटवायलाही चालणारं रेझिन, धरत नाही.

आता पाजलेल्याकडे. याची खरी गरज कुठल्या लाकडाला, हे कळलं की बरेच पैसे वाचतात. बाभूळ, शिसव, सागवान यांच्या गाभ्यात रेझिन नीट शिरतच नाही, आणि त्यांना त्याची गरजही नाही. पाजायचं ते मऊ, सच्छिद्र, अर्धवट कुजलेलं पण दिसायला देखणं लाकूड. आपल्याकडे त्याचा उत्तम नमुना आंबा. पावसात पडून राहिलेल्या आंब्याच्या ओंडक्यात बुरशीमुळे काळ्या रेघा उमटतात, नकाशावर नद्या काढाव्यात तशा. नुसतं घेतलं तर ते नखानं उकरतं. पाजलं की तेच लाकूड मुठीच्या लायकीचं होतं, पाणी फारसं पीत नाही, हवेनुसार फारसं हलत नाही, आणि वर तेल-वॉर्निश काही लागत नाही. बफ मारला की झालं.

कृती सांगायला सोपी आहे, आणि घाई केली तर सगळी फसते. ठोकळा ओव्हनमध्ये १०५ अंशांच्या आसपास ठेवायचा. दर काही तासांनी वजन करायचं, आणि वजन घटायचं थांबेपर्यंत थांबायचं. चोवीस तास सहज जातात. मग बंद पिशवीत गार करायचा, उघडा ठेवला तर हवेतला ओलावा परत ओढतो. गार झाल्यावर भांड्यात, वर वजन ठेवून, रेझिनमध्ये पूर्ण बुडवायचा आणि व्हॅक्यूम पंप लावायचा. लाकडातली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत पंप चालू, मग त्याला काही तास लागोत की रात्र जावो. लाकूड ओलं असेल तर ते थांबतच नाहीत, कारण निर्वातात पाणी साध्या तापमानालाच उकळतं. मला हे माहीत नव्हतं तेव्हा एका आंब्याच्या तुकड्यानं मला दीड दिवस पंपाशेजारी बसवून ठेवलं होतं.

बहुतेकांना वाटतं की व्हॅक्यूम रेझिन आत ढकलतो. तो फक्त हवा काढतो. पंप बंद करून हवा आत सोडली की बाहेरच्या हवेचा दाब रेझिनला लाकडात दाबतो. म्हणून व्हॅक्यूमला जितका वेळ दिला, त्याच्या दुप्पट तरी वेळ ठोकळा तसाच बुडवून ठेवायचा. शेवटी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ९०-९५ अंशांवर भाजायचा, ठोकळ्याच्या पोटापर्यंत तेवढी उष्णता पोचेपर्यंत. हे रेझिन मेथॅक्रिलेट जातीचं, पाण्यासारखं पातळ आणि उष्णतेनंच घट्ट होणारं असतं. 'कॅक्टस ज्यूस' हे त्यातलं जगभर चालणारं नाव. साधी इपॉक्सी यासाठी चालत नाही. ती दाट असते आणि आत पोचायच्या आधीच जमते. तरी ती वापरून 'स्टॅबिलाइझ्ड' म्हणून विकणारे भेटतात. ठोकळा मधोमध कापून बघा. कडेला गडद आणि पोटात कोरडा, फिकट पट्टा दिसला तर नुसती कातडी भिजली आहे.

पंपाच्या गेजबद्दल, म्हणजे व्हॅक्यूम किती झाला ते दाखवणाऱ्या काट्याबद्दल, एक गोष्ट, नाहीतर पंप परत करायला निघाल. परदेशी व्हिडिओंत काटा पाऱ्याच्या २९ इंचांच्या पुढे जाताना दाखवतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंच आहे, इथं मुळात हवेचाच दाब २८ इंचांहून थोडासा जास्त. काटा २८ ला टेकला तर पंप उत्तम आहे.

खर्च इथंच बसतो. एसी दुरुस्तीवाले वापरतात तसा पंप पाच-सात हजारांच्या पुढे. बाहेरून मागवलेलं रेझिन साध्या इपॉक्सीच्या कितीतरी पट महाग, आणि ते थंड जागीच ठेवावं लागतं. ओव्हन वेगळा हवा. घरात केक होतो तो ओव्हन यासाठी वापरायचा नाही, मग घरातली माणसं काहीही म्हणोत. भांडंही जाड, व्हॅक्यूमसाठीच केलेलं घ्या. काचेची साधी बरणी आतल्या आत फुटते. चार-सहा मुठींसाठी हा संसार मांडू नका. तयार ठोकळा विकत घ्या. वर्षाला पन्नास करणार असाल तर बोलू.

ओतीव मूठ ही हौसेची गोष्ट आहे आणि हौसेला मी नावं ठेवत नाही. शिवाय तिच्यासाठी सोलापुरात एक असा माल आहे, जो बऱ्याच शहरांना सहज मिळायचा नाही: डाळिंबाचं खोड. तेल्या आणि मर रोगानं आपल्या जिल्ह्यात बागाच्या बागा उपटल्या गेल्या, ती खोडं बांधावर पडून असतात किंवा चुलीत जातात. डाळिंबाचं लाकूड पिवळसर, बारीक पोताचं, चांगलं टणक. पण खोड बारीक, पिळलेलं आणि वाळताना तडकणारं, त्यामुळे अखंड मूठ क्वचितच निघते. वर खोडकिड्यानं भोकं पाडलेली. बाकी कामाला हे सगळे दोष आहेत, ओतीव मुठीला नाहीत. तडे आणि भोकं रंगीत रेझिननं भरली की प्रत्येक ठोकळा वेगळा निघतो. एका बागायतदारानं स्वतःच्या उपटलेल्या बागेतलं खोड आणून दिलं होतं. त्याची मूठ केल्यावर तो किती वेळ ती नुसती हातात घेऊन बसला होता.

हिशोब असा की १३ सेंटिमीटर लांब, ४ रुंद आणि २.५ जाड ठोकळा म्हणजे १३० घनसेंटिमीटर. निम्मं लाकूड धरलं तर सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम इपॉक्सी लागते. किलोचा सेट हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतो, म्हणजे रेझिनचा खर्च फार नाही. खर्च चुकांचा असतो. हार्डनरचं (इपॉक्सी जमवणाऱ्या दुसऱ्या भागाचं) प्रमाण डब्यावर वजनात दिलंय की मापात, ते वाचा, दोन्ही आकडे एक नसतात. जाड थर ओतायला सावकाश जमणारी, 'डीप पोर' म्हणून मिळते तीच घ्या. मी एकदा मे महिन्यात भर दुपारी लवकर जमणारी इपॉक्सी चारशे ग्रॅम एकदम कालवली होती. ती स्वतःच्याच उष्णतेनं तापत गेली, डब्यातून धूर निघाला, प्लॅस्टिक वाकडं झालं आणि उरला तो पिवळा, तडकलेला खडा. तेव्हापासून ओतकाम पहाटे.

बुडबुड्यांसाठी लोक प्रेशर पॉट वापरतात, ४० ते ६० पीएसआय दाबाखाली रेझिन जमू देतात. म्हणजे बुडबुडे दिसेनासे होतात. भांडं त्या दाबासाठी बनवलेलंच हवं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला घरचा कुकर जोडायचा विचार मनात आला असेल तर तो तिथंच सोडा.

ओतीव मुठीचे दोन दोष विकणारा सांगत नाही. पहिला उष्णतेचा. घरच्या तापमानाला जमलेली नेहमीची इपॉक्सी ५०-६० अंशांना नरम पडायला लागते. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड आपल्याकडे याच्या पुढे जातो. माझ्याकडून नेलेली एक सुरी मालकानं जीपच्या काचेखाली ठेवली, वर पान्यांची पिशवी. मुठीवर पान्याचा ठसा कायमचा उमटला. दुसरा दोष घसरण्याचा. चकचकीत रेझिनला चरबी किंवा तेल लागलं की सुरी हातात फिरते. मटणाच्या दुकानात दिवसभर ओल्या हातानं काम करणाऱ्याला मी ओतीव मूठ देत नाही, त्यानं दुप्पट पैसे देऊ केले तरी. ऊसतोडीच्या कोयत्याला तर विषयच नाही. तिथं दणके बसतात, आणि लाकूड-रेझिनचा सांधा दणक्यानंच उघडतो. कोयत्याला बाभूळ.

चौथा पर्याय कुणी विचारत नाही, आणि मला स्वतःला तोच सगळ्यात आवडतो. कापडाचे थर इपॉक्सीत भिजवून दाबायचे. मायकार्टा म्हणतात ते हेच. मूळचा माल १९१० च्या सुमारास अमेरिकेत वेस्टिंगहाऊस कंपनीनं विजेच्या कामासाठी काढला, तो फेनॉलिक रेझिन वापरून उष्णतेत आणि दाबात बनतो. घरच्या इपॉक्सीचा त्याच्या तोडीचा होत नाही, पण सुरीला पुरून उरतो. चादरी-टॉवेलच्या गावात चिंध्यांना काय तोटा? टॉवेलचं कापड मात्र घेऊ नका, त्याचे फासे रेझिन बेसुमार पितात आणि मध्ये पोकळ्या राहतात. चादरीच्या सपाट सुती कडा उत्तम. आधी गरम पाण्यात धुऊन कांजी पूर्ण काढा, कांजी राहिली तर रेझिन धाग्यात शिरत नाही. मग पट्ट्या भिजवून एकावर एक, वर-खाली प्लॅस्टिक, दोन फळ्या आणि चार सी-क्लॅम्प. दुसऱ्या दिवशी घासायला घेतलं की लाल-हिरव्या धाग्यांच्या लाटा उमटतात. पंप नको, ओव्हन नको. बफ न मारता ४०० नंबरच्या पेपरवर सोडलं, तर ओल्या हातात पकड छान बसते. नरम पडण्याचा दोष इपॉक्सीचाच, तो इथंही आहे, पण कापडामुळे मूठ आकार धरून राहते.

तर घरच्या स्वयंपाकघरासाठी, जिथं सुरी बेसिनमध्ये इतर भांड्यांखाली दोन-दोन तास पडून राहते, पाजलेलं लाकूड पैसे वसूल करून देतं. धुऊन लगेच पुसणारं माणूस घरात असेल तर शिसव किंवा बाभूळ पुरे, उगाच खर्च नको. दुकानातल्या ओल्या कामाला कापडाची. भेट द्यायची, शोकेसमध्ये ठेवायची, फळं कापायला चार पाहुण्यांसमोर काढायची, तर डाळिंबाची ओतीव खुशाल करा. आणि पहिलीच मूठ स्वतः करून बघणार असाल तर कापड किंवा बाभूळ. बिघडली तर शंभर-दोनशे रुपयांत बिघडते.

यातलं काहीही निवडलं तरी घासताना तोंडाला चांगला मास्क आणि हातात नायट्राइलचे हातमोजे लागतात. कच्च्या इपॉक्सीची ॲलर्जी एकदा अंगाला लागली की सहसा जात नाही. आणि मूठ पात्याला धरून ठेवणाऱ्या पितळी पिनांवर पेपर एका जागी फार वेळ धरू नका. पीन तापते, तिच्याभोवतीची इपॉक्सी सुटते, आणि हे तुम्हाला कळतं ते सहा महिन्यांनी, मूठ हातात खडखडायला लागल्यावर.