महालक्ष्मीनं गेलो, महालक्ष्मीला उतरलो: दोन दिवसांची गन्स अँड रोझेस वारी

२०१२ ला हा बँड मुंबईत आला तेव्हा मी मुद्दाम गेलो नव्हतो. त्यांचा मुख्य गिटारवाला स्लॅश नव्हता ना! तो १९९६ ला बाहेर पडला तो थेट २०१६ ला परतला. गिटारवाल्याशिवाय तो कार्यक्रम म्हणजे कटाशिवाय मिसळ. त्यामुळं मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या कार्यक्रमाची १७ मे २०२५ ही तारीख जाहीर झाली तसं भाच्याला फोन करून सांगितलं, "दोन तिकिटं काढ, पैसे मी देतो."

शुक्रवारी रात्री कोल्हापुरातून महालक्ष्मी एक्सप्रेस, शनिवारी सकाळी दादर. इथंवर दहापैकी दहा. स्लीपरमध्ये झोप बरी लागली.

लॉजला मात्र दोनच. नाव घेत नाही. फोनवर "कधीही या" म्हणाले होते, दारात गेल्यावर "बारानंतर". मग तोंड स्टेशनवरच धुतलं आणि गोखले रोडला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष घेतलं. पियुष एवढं दाट की भाचा चमचा शोधत होता. खोली मिळाली तर एसीचं पाणी बरोबर त्याच्या उशीवर ठिबकत होतं. २,८०० रुपयांत आंघोळ मोफत म्हणायची.

मैदानाला जायला टॅक्सीच्या नादाला लागू नका. दादरहून चर्चगेटची स्लो लोकल, पाच रुपये, तिसरं स्टेशन महालक्ष्मी. फास्ट तिथं थांबत नाही, कोल्हापूरकरांनी ध्यानात ठेवावं. पश्चिमेला बाहेर पडलं की रेसकोर्स समोरच. १८८३ पासून घोडे पळतायत तिथं, त्यामुळं जागा ऐसपैस. पण मे महिन्यातला मुंबईचा घाम! काळा टी-शर्ट घालून आलेली सगळी पन्नाशीच्या आसपासची पोरं स्टेजवर कोणी यायच्या आधीच पिळून निघाली होती. सुती कपडे, बूट आणि कानात कापूस. कापसावरनं भाच्याला आधी हसलो, मग अर्ध्या तासात त्याच्याकडनंच मागून घेतला.

आम्ही पुढं रेटारेटी न करता साउंडवाल्यांच्या मचाणाशेजारी उभे राहिलो. ही युक्ती भाच्याची. पडदा नीट दिसतो आणि आवाजही तिथंच सगळ्यात स्वच्छ येतो.

आता खरं सांगतो, गायक अ‍ॅक्सलचा आवाज दमलाय. त्रेसष्टाव्या वर्षी वरच्या पट्टीत चढताना तो अर्ध्यावर श्वास घेतो, आणि मधल्या पट्टीत तर काही ओळी लोकांनीच म्हटल्या. मला त्याचं वाईट नाही वाटलं, भाच्याला वाटलं. पण स्लॅश! टोपी डोळ्यांवर, गिटार गुडघ्यापर्यंत खाली, एका सुराला बोटानं असं हलवत धरून ठेवायचा की तो संपतोय की नाही कळत नव्हतं. 'नोव्हेंबर रेन'साठी अ‍ॅक्सल पियानोवर बसला तेव्हा शेजारचा एक टक्कल पडलेला गृहस्थ, अनोळखी, माझ्या खांद्यावर हात टाकून रडायला लागला. मी काय बोलणार, माझंही तेच चाललं होतं. १९९२ ला एका कॅसेटवर हे गाणं आम्ही चौघांनी आळीपाळीनं ऐकलं होतं, पट्टी अडकली की पेन्सिलीनं गुंडाळत.

उघड्यावर दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, त्यामुळं शेवट वेळेत. गाडीसाठी ते बरंच. तरी महालक्ष्मीच्या पुलावर मुंगीसारखे सरकत होतो, पहिल्या दोन लोकल सोडल्या. घाई असेल तर शेवटच्या गाण्याआधी निघा, म्हणजे निघू नकाच.

रविवारी आईच्या हुकमानं महालक्ष्मीचं देऊळ. दादरहून आठवड्यापूर्वीच सुरू झालेल्या भुयारी मेट्रोनं आचार्य अत्रे चौकापर्यंत गेलो, पुढं टॅक्सी. मेट्रो गारेगार, मी तर परत एक फेरी मारायला तयार होतो. "कोल्हापुरातून येऊन इथल्या महालक्ष्मीला?" असं टॅक्सीवाल्यानं विचारलं. म्हटलं, कालपण तिलाच आलो होतो.

रात्री परतीची गाडी. खर्च वसूल का? स्लॅशपुरता दुप्पट. लॉज बदला, बाकी सगळं असंच करा.

आणि हो, मैदानाबाहेर फुटपाथवर तीनशेला टी-शर्ट मिळतात, ते घेऊ नका. मी घेतला. पहिल्याच धुण्यात गुलाब गेले, बंदुका तेवढ्या राहिल्यात.